बागेतली झाडं किती वर्षं जगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडाच्या आयुष्याबद्दल दोन वेळा विचारलं जातं: रोप आणण्याआधी, आणि झाड वाळायला लागल्यावर. दुसऱ्या वेळचे प्रश्न फार जास्त असतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. तेच उत्तर पुन्हा देण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वर्षांचे आकडे सगळीकडे साधारण आहेत. हवामान, जात आणि निगा यांनी ते दुप्पट होतात किंवा निम्म्यावर येतात.

१. हंगामी, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू यांत नेमका फरक काय?

नावांत वर्षं असली तरी खरा फरक फुलण्याच्या रीतीत आहे. हंगामी झाड बी रुजण्यापासून बी धरण्यापर्यंत सगळं एकाच हंगामात उरकतं आणि वाळून जातं. झेंडू, तेरडा, झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, मेथी, मोहरी ही त्यातली. द्विवर्षायू झाड पहिल्या वर्षी नुसती पानं काढतं आणि मुळात किंवा कंदात साठा करतं, मधली थंडी सोसतं, आणि दुसऱ्या वर्षी तो साठा फुलांवर खर्च करून संपतं. गाजर, कांदा, कोबी, बीट, पार्सली हे सगळे द्विवर्षायू. आपण त्यांना पहिल्याच वर्षी उपटतो, म्हणून ते लक्षात येत नाही. बहुवर्षायू झाड दोन वर्षांपेक्षा जास्त जगतं आणि बहुतेक वेळा फुलल्यावरही जगत राहतं. या ‘बहुतेक वेळा’मध्ये मोठी गंमत आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

२. टोमॅटो, मिरची, वांगी हंगामी आहेत ना? माझं मिरचीचं झाड तिसऱ्या वर्षात आहे.

तुमचं झाड बरोबर आहे, बियांचं पाकीट अर्धवट सांगतं. ही तिन्ही झाडं मूळची बहुवर्षायू. जिथे हिवाळ्यात हिम पडतं तिथे ती मरतात, म्हणून त्यांना हंगामी म्हणायची पद्धत पडली. झाड किती जगू शकतं यापेक्षा ते कसं पिकवलं जातं, तेच पाकिटावर लिहिलेलं असतं. सदाफुली, कोलियस, पिटुनिया, जिरॅनियम यांचंही तसंच.

ठेवावं का, हा वेगळा प्रश्न. मिरची जरूर ठेवा. छाटली की पुन्हा फुटते आणि तीन-चार वर्षं फळ देते. वांग्याचं झाड बुडाजवळ छाटून दुसरा बहार घेता येतो, पण फळ लहान होत जातं. टोमॅटो मात्र ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत. जुन्या वेलावर करपा आणि विषाणूजन्य रोग साठत जातात आणि शेजारच्या नव्या रोपांना लागतात.

३. लेबलवर ‘बहुवर्षायू’ होतं, तरी झाड तीन वर्षांत गेलं. असं का?

कारण बहुवर्षायू या एका शब्दात तीन वर्षं जगणारंही बसतं आणि तीनशे वर्षं जगणारंही. कार्नेशन, जरबेरा, गेलार्डिया, अ‍ॅक्विलेजिया, ल्युपिन ही अल्पायुषी बहुवर्षायू मंडळी. तीन ते पाच वर्षांत ती थकतात. दुसऱ्या टोकाला पिओनी: एकदा रुजलेला तिचा झुडपा पन्नास वर्षं त्याच जागी फुलत राहतो, उलट तिला हलवलेलं आवडत नाही.

दुसरं कारण हवामान. डेल्फिनियम थंड प्रदेशात वर्षानुवर्षं टिकतं, उष्ण प्रदेशात पहिल्याच उन्हाळ्यात जातं. बोगनवेलीचं याच्या नेमकं उलट. लेबल छापणाऱ्याला तुमचं अंगण माहीत नसतं.

४. तुळस किती वर्षं जगते? मंजिऱ्या खुडल्याने आयुष्य वाढतं, हे खरं का?

तुळस हे अल्पायुषी बहुवर्षायू झुडूप आहे. तिच्याकडे लक्ष दिलं नाही तर एक-दोन वर्षं, दिलं तर तीन-चार किंवा त्याहून जास्त. मंजिऱ्या खुडण्याने फरक पडतो, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं, बी भरणं हे झाडासाठी सगळ्यांत खर्चाचं काम. नत्र आणि साखर पानांतून काढून बियांत भरली जाते आणि पानं पिवळी पडतात. सोयाबीनच्या शेंगा वाढू लागताच काढून टाकल्या तर झाड पुष्कळ जास्त दिवस हिरवं राहतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. दुसरं कारण शेंड्याचं. ज्या शेंड्याची मंजिरी झाली, त्या शेंड्याची पानं देण्याची पाळी संपली. सगळ्या शेंड्यांच्या मंजिऱ्या झाल्या की झाडाकडे वाढायला जागाच उरत नाही. मंजिरी खुडताना तिच्याखालची पानांची एक जोडीही घ्या. त्याखालच्या जोडीच्या बेचक्यात दडलेले डोळे (न उमललेले कोंब) फुटतात आणि एकाच्या जागी दोन शेंडे मिळतात.

सगळ्याच मंजिऱ्या काढू नका, दोन-तीन बियांसाठी राहू द्या. बुडाशी खोड लाकडासारखं झालं आणि खालच्या बाजूला एकही हिरवा फुटवा नसेल, तर त्या झाडाची उतरण लागली आहे असं समजून नवं रोप तयार ठेवावं. सब्जा तुळशीचाच भाऊबंद असला तरी हंगामी आहे. त्याला खुडून काही आठवडे मिळतात, वर्षं नाहीत.

५. मग सुकलेली फुलं काढत राहिलं तर झेंडूही बारमाही होईल का?

नाही. हंगाम लांबतो, जात बदलत नाही. झेंडूच्या जवळजवळ प्रत्येक फांदीचा शेंडा अखेर फूल होतो. फुलं काढून तुम्ही बी भरण्याचा खर्च वाचवता, पण नव्या फांद्यांसाठी त्याच्याकडे फारसे राखीव डोळे नसतात. फ्लॉक्स, पॅन्सी, पिटुनिया यांना सुकलेली फुलं काढल्याचा फायदा झेंडूपेक्षा जास्त होतो.

६. नेहमीच्या शोभेच्या झाडांचं आयुष्य किती धरावं?

सदाफुली दोन-तीन वर्षं. शेवंतीचा मूळ झुडपा दोन-तीन वर्षांत मधून पोकळ होतो, पण कडेचे फुटवे वेगळे करून लावले तर ती संपत नाही. लॅव्हेंडर आठ-दहा वर्षं. मोगरा दहा-पंधरा वर्षं भरात असतो आणि छाटणी नीट असेल तर पुढेही फुलतो. जास्वंद जमिनीत वीस-तीस वर्षं सहज काढते. बोगनवेल, मधुमालती, कण्हेर, तगर यांच्या बाबतीत दशकांत बोलायचं.

गुलाबाला एक उत्तर नाही. मोठ्या फुलांचे आधुनिक हायब्रिड टी गुलाब दहा-पंधरा वर्षांत थकतात. जुन्या, रानटी रक्ताच्या वेलगुलाबांची गोष्ट वेगळी: अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टूमस्टोन गावात १८८५ मध्ये लावलेला लेडी बँक्स गुलाब आजही मांडव भरून फुलतो.

घरातल्या झाडांमध्ये जेड पन्नास वर्षं ओलांडतं, अडेनियमही दशकं काढतं. कोरफड आणि स्नेक प्लांट पिल्लं देत राहतात, त्यामुळे मूळ रोप कधी गेलं ते कळतही नाही. मनी प्लांटला वय विचारण्यात अर्थ नाही. का, ते प्रश्न ११ मध्ये.

७. फळझाडांचं काय?

फळ देण्याचं वय आणि जगण्याचं वय वेगळं धरा. पपई त्याहून पुष्कळ जास्त जगू शकते, पण चांगलं फळ पहिली तीन-चार वर्षंच देते. मग ती उंच होत जाते, फळ लहान येतं आणि विषाणू तिला गाठतात. शेवगा वीसेक वर्षं. पेरू आणि लिंबू तीस-चाळीस. नारळाच्या उंच जाती साठ ते ऐंशी वर्षं, ठेंगण्या त्याहून कमी. आंबा शंभरी गाठतो. केळीचा हिशेबच निराळा असल्याने ती प्रश्न ९ मध्ये.

८. कुंडीत लावलं की झाडाचं आयुष्य कमी होतं का?

कुंडीत लावल्याने नाही, कुंडीत विसरल्याने कमी होतं. लंडनच्या क्यू उद्यानात १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेलं एक सायकसवर्गी झाड आजही कुंडीतच आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइनचं बोन्साय आहे, १६२५ पासून घडवत आणलेलं. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात, स्फोटाच्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर होतं, आणि वाचलं. इतक्या पिढ्या टिकलेल्या बोन्सायच्या मुळांची छाटणी आणि माती बदलणं ठरल्या वेळी होत आलेलं असतं.

कुंडीत बिघडतं काय? मुळं भिंतीला लागून गोल फिरत राहतात आणि एकमेकांना आवळतात. माती बसते, तिच्यातली हवा जाते. पाण्यातले आणि खतांतले क्षार साठतात. कुंडीच्या काठावर येणारा पांढरा थर तोच. दोन-तीन वर्षांनी झाड काढून बाहेरची मुळं थोडी कापा आणि नवी माती भरा, म्हणजे यातलं पुष्कळसं टळतं. बाकी कुंडीतली बहुतेक झाडं वयाने मरत नाहीत, तुंबलेल्या पाण्याने मरतात.

९. इतकी वर्षं छान होतं, पहिल्यांदाच फुललं आणि वाळलं. माझं काय चुकलं?

काही चुकलं नाही. काही बहुवर्षायू झाडं आयुष्यात एकदाच फुलतात. घायपात दहा ते तीस वर्षं नुसती पानं काढते, मग मधून काही मीटर उंच दांडा वर येतो, फुलतो आणि मूळ झाड वाळतं. इथे प्रश्न ४ मधली शेंड्याची गोष्ट आठवा. घायपातीच्या त्या पानांच्या गुच्छाला एकच शेंडा असतो, आणि दांडा म्हणजे तोच शेंडा. म्हणून दांडा कापून झाड वाचवा, हा सल्ला फुकट जातो. पानं देणारं टोकच उरलेलं नसतं. बुडाशी आलेली पिल्लं मात्र जपा.

केळीतही हेच घडतं, फक्त झाकलेलं असतं. केळीचं ‘खोड’ आडवं कापून पाहा. एकात एक बसलेले पांढरे, ओले, जाळीदार थर दिसतील. ते खोड नाही, पानांचे देठ आहेत. खरं खोड जमिनीत असतं, आणि फुलायची वेळ आली की त्याचा शेंडा या थरांच्या मधल्या पोकळीतून वर चढतो व केळफूल होऊन बाहेर येतो. घड उतरला की ते खोड संपलं, ते कापून टाकायचं. शेजारचे मुनवे पुढचं काम चालवतात, म्हणून केळीचं बेट वर्षानुवर्षं टिकतं. अननस आणि ब्रोमेलियाड असेच: फुललेला गुच्छ जातो, पिल्लं उरतात.

बांबू यांतला सगळ्यांत विलक्षण. त्याच्या पुष्कळ जाती ठरावीक वर्षांनी एकाच सुमारास फुलतात आणि बेटंच्या बेटं वाळतात. मिझोराममधली मेलोकॅना ही जात साधारण ४८ वर्षांनी फुलते. १९५९ नंतर ती २००७ च्या सुमारास फुलली. जपानमधल्या मादाके बांबूचं चक्र सुमारे १२० वर्षांचं मानतात. त्याच बेटातला कोंब दुसरीकडे नेऊन लावला तरी तो आपल्या गोताबरोबर फुलू शकतो, म्हणजे जागा बदलून हे घड्याळ मागे जात नाही. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते ती याच पंथातली. (लकी बांबूला ही भीती नाही. तो बांबू नसून ड्रॅसिना आहे.)

ताडवर्गातली झाडं हे सगळं एका नजरेत दाखवतात. नारळाची फुलं पानांच्या बगलेतून येतात, शेंडा शाबूत राहतो, म्हणून नारळ दरवर्षी फळतो. तालिपोट पामचं फूल थेट शेंड्यातून येतं. तीस ते ऐंशी वर्षं थांबून तो एकदा प्रचंड फुलतो, फळं पिकवतो आणि मरतो.

१०. ग्लॅडिओलसचा, निशिगंधाचा तोच कंद दरवर्षी फुलतो ना?

दिसतं तसं, पण नाही. फुलून गेलेला ग्लॅडिओलस उपटून बुडाची माती झटका. वर एक टणक, नवा, भरलेला कंद दिसेल, आणि त्याच्याखाली चिकटलेली एक सुरकुतलेली तपकिरी चकती. ती चकती म्हणजे तुम्ही लावलेला कंद. अंगठ्याने ढकलली तर सहज सुटून येते. अवतीभवती वाटाण्याएवढी पिल्लंही असतील. ती फुलायला दोन-तीन हंगाम घेतात. म्हणजे दरवर्षी जुना कंद संपतो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो.

निशिगंधात फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, बाजूचे फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी गर्दी होऊन दांडे कमी येतात आणि वाफा मोडून पुन्हा लावावा लागतो. हिपेस्ट्रम म्हणजे आपण ज्याला अ‍ॅमारिलिस म्हणतो तो, आणि डॅफोडिल, यांचा मूळ कंद मात्र खरोखरच वर्षानुवर्षं तोच राहतो.

११. दहा वर्षांच्या झाडाची फांदी लावली. नवं रोप शून्य वर्षांचं की दहा वर्षांचं?

मूळ आणि खोड नवं, पेशींची परंपरा जुनी. फांदी लावून केलेलं रोप हे त्याच झाडाचं पुढे चालू राहिलेलं शरीर आहे, त्याचं अपत्य नाही. म्हणून ते लवकर फुलतं: बालपण मागेच उरकलेलं असतं.

पण मग मूळ झाडाचं म्हातारपणही सोबत येतं का? अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस अँड्रू नाइट या इंग्रज बागायततज्ज्ञाचं म्हणणं होतं की येतं. जुन्या सफरचंदाच्या जातींची कलमं रोगट दिसत होती, त्यावरून त्याने ठरवलं की मूळ झाडाचं आयुष्य सरलं की त्याची कलमंही ढासळतात. ते खरं निघालं नाही. कलमांबरोबर पुढे जातात ते विषाणू. म्हातारपण जात नाही. ब्रॅम्ली नावाचं सफरचंद १८०९ साली इंग्लंडमध्ये साउथवेल गावात लावलेल्या एका बीपासून आलं, आणि आजचं प्रत्येक ब्रॅम्ली झाड त्याच एका झाडाची फांदी आहे. द्राक्षांच्या काही जाती कित्येक शतकं फांद्यांवरच चालत आल्या आहेत.

मनी प्लांटचं उत्तर यातच आहे. एक वेल कापून चार ठिकाणी लावली, तर त्यातली कुठली मूळची? एक मेली म्हणून झाड मेलं असं होत नाही. व्यवहारात लक्षात ठेवायचं ते एवढंच: छाट घ्यायची ती निरोगी झाडाची. थकलेल्या झाडाची एखादी तजेलदार फांदी चालेल, रोगट झाडाची नाही.

एक अपवाद मात्र आहे. एकदाच फुलणाऱ्या झाडांत (प्रश्न ९) ठरावीक मुदतीचं घड्याळ छाटीसोबतही जातं.

१२. कलमी झाड बियांच्या झाडापेक्षा लवकर मरतं का?

बहुतेकदा हो, पण दोष कलम करण्याचा नसतो, खालच्या खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्याचा असतो. झाड ठेंगणं राहावं आणि लवकर फळावं म्हणून जे खुंट वापरतात त्यांची मुळं आखूड असतात. एम ९ या प्रसिद्ध ठेंगण्या खुंटावरचं सफरचंद पंधरा-वीस वर्षं चांगलं चालतं. बियांवरचं पन्नास ते शंभर. लवकर फळ हवं असेल तर हा सौदा वाईट नाही. सावलीसाठी झाड लावत असाल तर मात्र बियांचंच लावा.

खुंट बदलूनही आयुष्य वाढवता येतं. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला १८७३ मध्ये आलेलं एक नेव्हल संत्र्याचं झाड अजून उभं आहे. त्याची मुळं कुजायला लागली तेव्हा, १९१८ मध्ये, नवी रोपं बुडाशी लावून त्यांचे शेंडे खोडाला जोडले गेले आणि झाड नव्या मुळांवर आलं.

१३. झाड पूर्ण वाळलं आहे. फेकून देऊ का?

थांबा. नखाने फांदीची साल हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी असेल तर एक वीत खाली येऊन पुन्हा पाहा. बुडापर्यंत कोरडं लागलं तरी मूळ तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. जर्मनीतल्या हिल्डेसहाइम कॅथेड्रलच्या भिंतीवरचा जुना गुलाब १९४५ च्या बॉम्बवर्षावात वरून पूर्ण जळाला, आणि त्याच वर्षी ढिगाऱ्याखालच्या मुळांतून पुन्हा फुटला.

कर्दळ, डेलिया, कॅलेडियम, हळद, भुईचाफा यांची पानं वाळणं हा मृत्यू नाही, विश्रांती आहे. त्या काळात पाणी घालत राहिलं की कंद कुजतो, आणि मग झाड खरंच मरतं.

१४. छाटणीने आयुष्य वाढतं की कमी होतं?

ज्या झाडाच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात त्याचं वाढतं. जास्वंद, मोगरा, गुलाब, बोगनवेल, कढीपत्ता हे कडक छाटणीनंतर नव्याने भरतात. युरोपात अ‍ॅश, हेझल यांसारखी झाडं बुंध्याशी कापून पुन्हा फुटू देण्याची जुनी रीत आहे, आणि असे बुंधे न कापलेल्या झाडांपेक्षा कितीतरी जास्त जगतात.

ज्यांच्याकडे असे डोळे नाहीत त्यांना कडक छाटणी मारते. लॅव्हेंडर पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापलं तर बहुधा फुटत नाही. ते दरवर्षी थोडं थोडं, हिरव्या भागातच छाटायचं. थुजा आणि सायप्रेसचंही तसंच. एकखोडी पामचा शेंडा कापला तर झाड गेलंच.

१५. भराभर वाढणारी झाडं लवकर मरतात, हे खरं का?

ढोबळमानाने हो. पपई, शेवगा लवकर वाढतात, त्यांचं लाकूड हलकं असतं आणि बुरशी व वारा त्यांना लवकर गाठतो. सावकाश वाढणारी झाडं घट्ट लाकूड करतात. वड-पिंपळ हा सणसणीत अपवाद: वाढतातही लवकर, जगतातही शतकं. श्रीलंकेत अनुराधापूरचा पिंपळ इसवी सनपूर्व २८८ मध्ये लावल्याची नोंद आहे.

१६. झाड म्हातारं झालंय की आजारी आहे, कसं ओळखायचं?

आजार बहुधा एका बाजूने आणि झपाट्याने येतो: एक फांदी वाळते, डाग पसरतात, बुडाशी कुजका वास येतो. थकवा सगळीकडून आणि हळू येतो: दरवर्षी नवी वाढ थोडी आखूड, फुलं थोडी लहान, झुडपा मधून पोकळ. मधून पोकळ होणं हे मरणाचं लक्षण नाही. कडेचे भाग वेगळे करून लावायची वेळ आली आहे, एवढंच ते सांगतं.

झाडं आपल्यासारखी एका ठरल्या वयाला म्हातारी होत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ब्रिसलकोन पाइनपैकी ‘मेथुसेलाह’ नावाचं झाड ४,८०० वर्षांहून जुनं आहे. त्या वयाच्या पाइनमध्येही वाढणाऱ्या पेशी आपलं काम चोख करतात. पुष्कळ झाडं मरतात ती रोग, दुष्काळ, वीज, वादळ यांनी, किंवा आपल्या कुऱ्हाडीने.

१७. न कापता झाडाचं वय कळतं का? आणि नारळाला वलयं का नसतात?

वनखात्याची माणसं पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी सळई काढतात आणि तिच्यावरची वलयं मोजतात. हे थंड प्रदेशात चांगलं चालतं, कारण तिथे हिवाळ्यात वाढ थांबते आणि रेघ उमटते. जिथे वर्षभर वाढ चालू असते तिथे वलयं अस्पष्ट किंवा फसवी असतात. नारळ आणि इतर ताडवर्गी झाडांत खोड जाड करणारा पेशींचा थरच नसतो, त्यामुळे वलयं नाहीत. पण गळालेल्या झावळ्यांचे वण खोडावर राहतात. वर्षाला साधारण किती झावळ्या येतात ते माहीत असेल तर वणांवरून अंदाज बांधता येतो. तोच थर नसल्याने नारळाच्या खोडाला पडलेली खाच कधी भरून येत नाही, म्हणून त्यात खिळे ठोकू नयेत.

१८. उरलेलं बी किती वर्षं चालतं?

कांद्याचं एक-दोन वर्षं, भेंडीचं दोनेक, टोमॅटोचं चार-पाच, काकडीचं पाच. कोरडं आणि थंड ठेवलं तर. शंका असेल तेव्हा दहा बिया ओल्या कापडात ठेवून पाहा. पाचच रुजल्या तर दुप्पट पेरा.

रानटी बिया यापेक्षा फार चिवट. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बिया बाटल्यांत घालून पुरल्या. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या व्हर्बॅस्कम या तणाच्या बिया १४२ वर्षांनंतरही रुजल्या. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजली आणि तिचं झाड झालं. तण वर्षानुवर्षं का संपत नाहीत, याचं उत्तर बीलच्या बाटलीत आहे.

१९. या वर्षी कधी नव्हे इतकी फुलं आली. झाड मरणार आहे का?

कधीकधी. मुळांना इजा झाली, पाणी फार तुटलं किंवा खोडाला वळसा घालून साल गेली, तर झाड भरमसाट फुलतं आणि बी धरतं. पण नुसता चांगला पाऊस-ऊन आणि आदल्या वर्षीची विश्रांती यांनीही तेच होतं. पाहायची ती नवी पालवी. फुलं उदंड आणि नवी पानं जवळजवळ नाहीत, तर मुळांशी काही बिघडलं आहे का ते बघा.

२०. गुलबक्षी, तेरडा, कॉसमॉस दरवर्षी आपोआप येतात. मग ही बहुवर्षायू नाहीत का?

तेरडा आणि कॉसमॉस नाहीत. गेल्या वर्षी सांडलेलं बी रुजतं, झाड दरवर्षी नवं असतं. संकरित जातीचं बी सांडलं असेल तर रंगही बदलतात. गुलबक्षी दोन्ही करते: तिला जमिनीत जाड, गाजरासारखं मूळ असतं, आणि काळं बीही भरपूर पडतं. त्यामुळे एकाच वाफ्यात जुनं झाड आणि नवी रोपं शेजारी शेजारी उगवतात.

ओळखायचं असेल तर अगदी कोवळं असताना पाहा. बुडाशी दोन गुळगुळीत, नेहमीच्या पानांपेक्षा वेगळ्या आकाराची दलं असली तर ते बीपासून आलं आहे. दलं नसतील आणि कोंब सुरुवातीपासूनच जाड असेल, तर तो जुन्या मुळाचा. बागेत जागा कमी असेल तेव्हा दलं असलेली रोपं उपटा आणि जाड कोंब राहू द्या, कारण त्याला पहिलं फूल लवकर येतं.